त्या खडकात जीवाश्म नसतात!



बरेच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. गेल्या उन्हाळ्यात लेकाकडे लेस्टरला गेले होते, परत आल्यावर गुडघ्याने डोकं वर काढलं, मग दिवाळी.. राहूनच गेलं. आज जरा निवांत बसले आहे, तर तिकडून येताना मनात घेऊन आलेली गोष्ट सांगून टाकते. गोष्ट तशी जुनी आहे. किती जुनी? तर छप्पन्न कोटी वर्षं! घाबरू नका, मी काही शास्त्रज्ञ नव्हे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली आणि सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कुलात तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवलेली बाई मी. जे मला समजलं ते माझ्या भाषेत सांगते. भूगर्भशास्त्र शिकलेलं कुणी वाचत असेल तर चुकलंमाकलं सांगावं, राग नाही.

तर झालं असं की एका रविवारी सगळे मिळून तिथल्या न्यू वॉक म्युझियममध्ये गेलो. मला वाटलं, नेहमीप्रमाणे डायनोसोरचे सांगाडे बघायचे. ते होतेच. पण नातीने माझा हात धरून एका काचेच्या पेटीपुढे नेऊन उभं केलं. "आजी, हा बघ, हा आमच्या लेस्टरचा!" आत एक करडा दगड, आणि त्यावर साधारण वीतभर लांबीचं एक पान उमटलेलं. मधून एक नागमोडी रेघ, दोन्ही बाजूंना तिरक्या फांद्या, प्रत्येक फांदीवर पुन्हा बारीक रेघा. पावसाळ्यात आपल्याकडे विहिरीच्या कडेला नेचे उगवतात ना, अगदी तसं. मी म्हटलं, "अगं, हे तर झाडाचं पान." नात हसली. "नाही आजी, झाड नाही. आणि हे कुणी शोधलं माहितीये? माझ्याएवढ्या नाही, पण शाळेतल्या मुलांनी!"

मग तिने जी गोष्ट सांगितली, आणि जी घरी येऊन मी मुलाकडून इंटरनेटवर शोधून पुन्हा दोनतीनदा वाचून घेतली, ती अशी.

लेस्टरच्या जवळ चार्नवुड फॉरेस्ट नावाचा टेकड्यांचा भाग आहे. तिथले खडक फार जुने, प्रिकेंब्रियन काळातले. १९५६ साली टीना नावाची पंधरा वर्षांची एक शाळकरी मुलगी (लग्नानंतरची टीना नेगस) तिथे फिरायला गेली असताना तिला एका कातळावर हे पान दिसलं. मुलगी वाचणारी होती, आपण काहीतरी विलक्षण बघतोय हे तिला कळलं. तिने शाळेत भूगोलाच्या शिक्षकांना सांगितलं. उत्तर मिळालं, प्रिकेंब्रियन खडकात जीवाश्म नसतात. ती म्हणाली, मला माहीत आहे, म्हणूनच तर विचारते आहे. त्यावर, मग ते प्रिकेंब्रियन खडक नसतील. ती म्हणाली, ते प्रिकेंब्रियनच आहेत. मग तो जीवाश्म नसेल! झालं. विषय संपला. पोरगी जिद्दीची, ती पुन्हा तिथे गेली, दगडावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासून त्या पानाचा ठसा घेऊन आली. पण दाखवायचा कुणाला?

पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, लेस्टरच्या शाळेतला रॉजर मेसन नावाचा मुलगा दोन मित्रांबरोबर त्याच कातळावर चढायचा सराव करायला गेला. त्यालाही ते पान दिसलं. त्यानेही कागद ठेवून ठसा घेतला. फरक इतकाच की त्याचे वडील धर्मोपदेशक असले तरी विद्यापीठात शिकवायलाही जात, आणि तिथल्या ट्रेव्हर फोर्ड नावाच्या भूशास्त्रज्ञाशी त्यांची ओळख होती. फोर्डसाहेबांनाही आधी शंकाच होती. पण ते म्हणाले, चला बघू. गेले, कातळापुढे उभे राहिले, आणि त्यांनी ते मान्य केलं. १९५८ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि त्या जीवाला नाव दिलं चार्निया मेसोनी. चार्नवुडवरून चार्निया, मेसनवरून मेसोनी.

रॉजर मेसन पुढे भूशास्त्राचे प्राध्यापक झाले. माझ्याआधी टीनाने ते पाहिलं होतं हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितलं. २००७ साली शोधाला पन्नास वर्षं झाली तेव्हा टीनाबाईंचाही यथोचित मान झाला. पन्नास वर्षांनी!

नात हे उत्साहाने सांगत होती आणि मी त्या पेटीपुढे गप्प उभी होते. कारण मला त्या मुलीऐवजी तिचे ते भूगोलाचे शिक्षकच दिसत होते. आणि त्यांचा चेहरा माझ्यासारखा होता.

*

१९८४ चा पावसाळा असेल. आठवीचा वर्ग, भूगोलाचा तास, मी खडकांचे प्रकार शिकवत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून टेबलापाशी आला आणि त्याने खिशातून एक गारगोटी काढून पुढे ठेवली. पांढुरकी, अर्धवट पारदर्शक, आणि आत हिरवट-काळं नेच्यासारखं पान. "बाई, यात झाड अडकलंय."

अभ्यासक्रम मागे पडलेला, दोन वर्ग एकत्र बसवलेले, बाहेर पाऊस, आत गोंगाट. मी म्हटलं, "आपल्याकडचा खडक लाव्हाचा आहे. लाव्हाच्या खडकात जीवाश्म नसतात. धडा वाचला नाहीस वाटतं?" वर्ग हसला. तो म्हणाला, "पण बाई, दिसतंय की." मला उलट उत्तर वाटलं. मी ती गारगोटी उचलली आणि खिडकीतून बाहेर टाकून दिली. "जा, जागेवर बस."

एवढंच. मारलं नाही, काही नाही. त्या काळी शिक्षक याहून कितीतरी जास्त करत. पण तो मुलगा नंतर माझ्या तासाला कधी काही विचारायला उठला नाही, हे मला तेव्हाही कळलं होतं, आणि मी ते सोयीस्करपणे शिस्तीच्या खात्यावर जमा केलं होतं.

आता गंमत बघा. माझं उत्तर तसं बरोबर होतं! त्या गारगोटीत झाड नव्हतंच. लाव्हा थंड होताना त्यात पोकळ्या राहतात, त्यांत पुढे हळूहळू गारगोटी तयार होते, आणि लोह किंवा मँगनीजचा अंश त्यात शिरला की नेच्यासारखी नक्षी उमटते. थंडीत काचेवर हिम धरतं तेव्हा पानं उमटल्यासारखी दिसतात ना, तसंच. पण हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? मी पुस्तकातलं एक वाक्य फेकलं होतं, आणि तेही अर्धवट. कारण आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरजवळच्या टाकळीला, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात एकोणिसाव्या शतकातच जीवाश्म सापडले होते. थोडक्यात, माझं उत्तर बरोबर ठरलं ते योगायोगाने. टीनाच्या शिक्षकांचं चुकलं. पण आम्ही दोघांनी केलं एकच. बघायचं नाकारलं.

*

आता त्या शिक्षकांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर तो अन्याय होईल. "त्या खडकात जीवाश्म नसतात" हे काही त्यांनी स्वतःच्या मनाने ठरवलेलं नव्हतं. साऱ्या जगाचं तेच मत होतं.

मुलांना काळ समजावायला मी वर्गात दोरी वापरत असे, तीच इथे वापरते. एक सेंटिमीटर म्हणजे एक कोटी वर्षं धरा. पृथ्वीचं वय ४६० कोटी, म्हणजे दोरी झाली ४६० सेंटिमीटर, सुमारे पंधरा फूट. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. आजचा दिवस म्हणजे दोरीचं शेवटचं टोक. आपला सह्याद्रीचा काळा कातळ या टोकापासून फक्त साडेसहा सेंटिमीटरवर. आणि तुम्ही-आम्ही माणसं? तीन लाख वर्षं, म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. पेन्सिलीची रेघसुद्धा त्याहून जाड होईल.

या टोकापासून ५४ सेंटिमीटर मागे गेलं की केंब्रियन काळाची सुरुवात येते. तिथपासून पुढच्या खडकांत शिंपले, कवचाचे किडे, पायवाले प्राणी यांचे भरपूर ठसे मिळतात. आणि त्याच्या मागे, उरलेल्या चारशे सेंटिमीटरांत? कोरं! निदान तसं वाटत होतं. खुद्द डार्विनसाहेबांना याने छळलं. सजीव हळूहळू बदलत आले असं १८५९ साली ग्रंथात मांडताना त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं की केंब्रियनच्या आधीच्या खडकांत पूर्वजांच्या खुणा का मिळत नाहीत याचं समाधानकारक उत्तर आपल्याकडे नाही. पूर्वज असणारच, ही त्यांची खात्री. पण पुरावा नाही.

खरं तर खुणा दिसत होत्या. चार्नवुडच्याच एका खाणीत दगडावर गोल कड्या उमटलेल्या एकोणिसाव्या शतकातच लोकांनी पाहिल्या होत्या. १८७२ साली कॅनडात बिलिंग्ज नावाच्या गृहस्थांनी अशाच चकत्यांचं वर्णन छापलं होतं. पण "त्या खडकात जीवाश्म नसतात" हे एकदा ठरलं, की दिसलेल्या खुणांना दुसरं काहीतरी नाव द्यावं लागतं. वायूचे बुडबुडे म्हणा, दगडाची गाठ म्हणा. एकदा का मत पक्कं झालं की डोळ्यांचं काही चालत नाही.

१९४६ साली ऑस्ट्रेलियात रेग स्प्रिग नावाचे तरुण सरकारी भूशास्त्रज्ञ जुन्या बंद पडलेल्या खाणी पुन्हा चालू करता येतील का हे बघायला इडियाकारा टेकड्यांत गेले होते. त्यांना वालुकाश्माच्या फरश्यांवर जेलीफिशसारखे ठसे सापडले. त्यांनी लेख लिहिला, 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकाने तो परत पाठवला. १९४८ साली लंडनच्या मोठ्या परिषदेत ठसे मांडले, कुणी फारसं लक्ष दिलं नाही. आणि स्वतः स्प्रिगसाहेबांनीही ते खडक केंब्रियनच्या सुरुवातीचे असावेत असंच धरलं होतं! म्हणून जगाचं ठाम मत बदलायला चार्नियाची वाट पाहावी लागली. चार्नवुडचे खडक प्रिकेंब्रियन आहेत याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. तिथे पान सापडलं म्हटल्यावर पळवाट उरली नाही. त्याच सुमारास मार्टिन ग्लेसनर या अभ्यासकाने इडियाकाराचे ठसेही केंब्रियनच्या आधीचेच असल्याचं दाखवून दिलं. पुढे २००४ साली भूशास्त्राच्या अधिकृत कालपटात त्या काळाला इडियाकारन हे नाव मिळालं. एकशेवीस वर्षांत कालपटात पडलेली ही पहिली नवी भर, असं म्हणतात.

एक आवडलेली गोष्ट मध्येच सांगते. टीव्हीवर प्राण्यांचे कार्यक्रम करणारे डेव्हिड ॲटनबरो लेस्टरलाच वाढले. मेसनच्याच शाळेत शिकले आणि लहानपणी जीवाश्म गोळा करायचे. पण चार्नवुडला त्यांनी कधी शोधलंच नाही, कारण तिथे काही नसतं हे सगळ्यांना माहीत होतं! २०२२ साली चार्नवुडच्या खडकातल्या एका प्राण्याला त्यांचं नाव देण्यात आलं. नियतीलाही विनोदबुद्धी आहे.

*

मग हा चार्निया होता तरी कोण? फोर्डसाहेबांना आधी ती समुद्रातली वनस्पती वाटली. पण तो राहायचा खोल समुद्रात, जिथे उजेड पोचतच नाही. उजेडाशिवाय वनस्पती कशी जगेल? मग वाटलं, पिसासारखे दिसणारे समुद्रातले जीव असतात त्यांचा हा पूर्वज. पण २००७ साली लक्षात आलं की ते जीव बुडाकडून वाढतात आणि चार्निया शेंड्याकडून वाढायचा. जमलं नाही! आता बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे की तो प्राणीच होता, पण आजच्या कोणत्याही कुळात न बसणारा. ना तोंड, ना पोट, ना पाय. तळाला चिकटून उभा राहायचा, बस्स.

हाडं नाहीत, कवच नाही, मग त्याचा ठसा राहिला कसा? जवळच्या ज्वालामुखीची राख समुद्रतळावर येऊन बसली आणि तिने हे सगळे मऊ जीव होते तिथेच झाकले. मागची चारशे सेंटिमीटर दोरी कोरी वाटण्याचं एक कारण हेच. मऊ शरीराचा जीव खूण न ठेवता जातो. दुसरं कारण, आम्ही बघितलं नाही.

इडियाकाराच्या डिकिन्सोनिया या चपट्या, पापडासारख्या जीवाबद्दल तर फार वर्षं वाद चालला. प्राणी की बुरशी की शेवाळ? २०१८ साली रशियात श्वेत समुद्राच्या कड्यावरून आणलेल्या ५५ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनियात कोलेस्टेरॉलचे अवशेष सापडले. कोलेस्टेरॉल ही प्राण्याची खूण, म्हणून तो प्राणी ठरला. आपल्या वयाच्या मंडळींना कोलेस्टेरॉलने दिलेली ही एकमेव चांगली बातमी असावी!

*

यात आपल्या देशाचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. आहे. आणि चांगला तीन ठिकाणी आहे.

पहिला संबंध शिवबालक मिश्र यांचा. लखनौकडच्या खेड्यातला हा मुलगा शिकायला कॅनडात न्यूफाउंडलंडला गेला. तिथे मिस्टेकन पॉइंट म्हणून समुद्राचं एक टोक आहे. धुक्यात नाविक चुकून त्यालाच दुसरं टोक समजत, म्हणून हे नाव. १९६७ साली तिथल्या कातळावर मिश्रांना या मऊ जीवांचे असंख्य ठसे दिसले, साडेछप्पन्न कोटी वर्षांपूर्वीचे. १९६८ मध्ये त्यांचे प्राध्यापक आणि ते यांच्या नावाने 'नेचर'मध्ये टिपण आलं. २०१६ साली ती जागा जागतिक वारसा झाली, आणि तिथल्या एका जीवाला मिश्रांचं नावही आहे. पण मला त्याहून मोठं वाटलं ते पुढचं. हा माणूस परदेशातलं सोडून परत आला आणि १९७२ साली लखनौजवळच्या कुनौरा गावात त्याने शाळा काढली. खेड्यातल्या मुलांसाठी. हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला.

दुसरा चित्रकूटचा. १९९८ साली डेहराडूनचे रफत आझमी यांनी तिथल्या विंध्य खडकांत केंब्रियन काळातले सूक्ष्म जीवाश्म मिळाल्याचं लिहिलं. ते खडक त्याहून कितीतरी जुने मानले जात, त्यामुळे गदारोळ झाला, त्यांच्यावर अविश्वास दाखवला गेला. पुढे स्वीडनचे बेंग्टसन स्वतः चित्रकूटला आले, नव्याने दगड घेतले. निष्कर्ष दोघांनाही चकवणारा! जीवाश्म खरे, पण केंब्रियन नव्हे, १६० कोटी वर्षांपूर्वीचे. २०१७ साली त्यांतले काही धागे लाल शेवाळासारखे असल्याचं त्यांनी मांडलं. म्हणजे प्राणी नव्हेत, पण अनेक पेशींचं गुंतागुंतीचं जीवन. त्यातल्या एकाचं नाव ठेवलं राफाताझ्मिया. ज्यांच्यावर अविश्वास दाखवला, त्यांचंच नाव.

तिसरा भीमबेटकाचा. या गुहा १९५७ साली आपल्या हरिभाऊ वाकणकरांनी उजेडात आणल्या, म्हणजे चार्निया सापडला त्याच वर्षी! मार्च २०२० मध्ये तिथे गेलेल्या भूशास्त्रज्ञांना गुहेच्या छताला डिकिन्सोनियाचा ठसा दिसला, आणि २०२१ साली तसा लेख आला. वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या झाल्या. मीसुद्धा ती बातमी घरच्या ग्रुपवर अभिमानाने पाठवली होती, नातेवाईकांना आठवत असेल. २०२३ साली दुसऱ्या गटाने जाऊन पाहिलं, तर तो 'जीवाश्म' छतावरून सुटून चालला होता. ते होतं जुन्या मोहोळाचं उरलेलं अंग! लेख लिहिणाऱ्या रिटॅलॅक यांनी आपली चूक मान्य केली.

मी त्या बातमीची दुरुस्ती ग्रुपवर पाठवली नव्हती. आज पाठवते. पण मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. एकाने पाहिलं, लिहिलं. दुसऱ्याने जाऊन पुन्हा पाहिलं. पहिल्याने मान्य केलं. वर्गात याहून वेगळं काय व्हायला हवं होतं?

*

असो. लेस्टरहून आल्यावर मी त्या मुलाचा फोन नंबर मिळवला. मुलगा कसला, पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ. त्याचा आता खडीचा क्रशर आहे. "बाई, तुम्ही? पाया पडतो," म्हणाला. मी थेट विषयालाच हात घातला. म्हटलं, आठवीत तू एक गारगोटी आणली होतीस.

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "आठवतंय की. शाळा सुटल्यावर खिडकीखाली लय हुडकली बाई. गवत माजलं होतं. नाही गावली." आणि लगेच हसून, मलाच धीर द्यायला, "जाऊ द्या हो. तुमचं बरोबरच होतं. लाव्हात कुठलं झाड."

मी म्हटलं, "माझं बरोबर नव्हतं रे. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ते झाड नव्हतं, पण ते काय होतं हे आता सांगते," आणि त्याला लोह-मँगनीजची सगळी गोष्ट सांगितली. चाळीस वर्षं उशिरा तास पुरा केला. त्याने मध्ये दोन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मला आलं नाही. मी म्हटलं, माहीत नाही, शोधून सांगते.

आता महिन्यातून एकदा तरी त्याचा फोटो येतो. क्रशरवर एखादा दगड फुटला आणि आत काही वेगळं दिसलं की तो बाजूला काढून ठेवतो. खाली लिहिलेलं असतं, "बाई, हे काय?" बहुतेक वेळा मला सांगता येत नाही. मुलाला पाठवते, नातीला पाठवते, ती तिच्या शाळेत विचारते.

तुमच्यापैकी कुणाला दगडांतलं कळत असेल तर जरूर कळवा. गेल्या आठवड्यात आलेल्या फोटोचं उत्तर अजून द्यायचं राहिलं आहे.